बंद पियानोचा जवाब

सोमवारी दुपारी तीन वाजता, न्यू ऑर्लिन्सच्या सातव्या वॉर्डात, ऑर्टेन्सबाईंच्या घरात पियानो वाजू लागला. बाईंना शनिवारी पुरलं होतं.

बाईंची शिष्या क्लोथिल्ड मागच्या स्वयंपाकघरात लाल घेवडा ढवळत होती. बाईंचा सोमवारचा घेवडा कधी चुकला नाही, म्हणून आजही तिने तो शिजत ठेवला होता. पळी हातात तशीच राहिली. बाईंचा जुना शिष्य एव्हरिस्ट... दुसरं कोण असणार? शिकागोहून येणारी त्याची गाडी उशिरा पोचली, मूठमाती हुकली, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

घराच्या खोल्या एकामागे एक. पुढच्या खोलीत एक पियानो, मधल्या खोलीत दुसरा, मध्ये बंद दार. बाई पुढे बसत, शिष्य मागे. “तोंड बघून वाजवायचं नाही, कानानं वाजवायचं,” असं त्या म्हणत. एकाने छोटासा सवाल वाजवायचा, दुसऱ्याने तेवढ्याच लांबीचा जवाब जागच्या जागी रचायचा. जवाब दिल्याशिवाय उठायचं नाही. हा नियम एकदाच मोडला होता. क्लोथिल्डने मधल्या खोलीतून सवाल वाजवला, आणि पुढच्या खोलीत बाईंच्या जागी बसलेला एव्हरिस्ट जवाब न देताच उठून शिकागोच्या गाडीत बसला.

तिकडे त्याचं नाव झालं. संध्याकाळी क्लबात वादन, सकाळी शाळेत शिकवणी. त्याच्या रचना आता इतर जण वाजवत. क्लोथिल्ड इथेच राहिली. बाईंचे हात थकले तसे त्यांचे शिष्यही तिनेच सांभाळले.

पळी ठेवून ती मधल्या खोलीत जाऊन बसली आणि तिने जवाब दिला. पलीकडून लगेच दुसरा सवाल आला, जरा खट्याळ. तिने त्याला वरच्या सुरांत झटकून टाकलं. पलीकडचं वाजवणं हसल्यासारखं झालं. तिचे कान तापले.

मग तिच्या लक्षात आलं. पलीकडचा खालचा सूर दर वेळी किंचित उशिरा पडत होता. ऑर्टेन्सबाईंच्या डाव्या हाताचं एक बोट वाकत नसे. त्यांचा सूर असाच पडायचा.

तिने दार उघडलं. खोलीत कुणी नव्हतं. पियानोचं झाकण बंद, त्यावर जाळीचं कापड, कापडावर शनिवारची फुलं. एक पाकळीही हललेली नव्हती.

तेवढ्यात रस्त्याकडचं दार ढकलून एव्हरिस्ट आत आला. हातात परतीच्या प्रवासाची बॅग, हातमोजेही चढवलेले.

“वाजवायची थांबलीस का? पायरीवर उभा राहून ऐकत होतो. कुणाशी चाललं होतं एवढं... लाडात?”

“तुझ्याशी,” ती म्हणाली. “म्हणजे, मला वाटलं तू आहेस.”

“माझ्यासाठी वाजवत होतीस तर!”

“फुगू नकोस. घेवडा करपतोय म्हणून घाईत वाजवलं.”

तो हसला. तिचा चेहरा पाहिला आणि हसू विरलं. तिने सगळं सांगितलं. त्याने फुलांकडे बघितलं, मग तिच्याकडे.

“क्लो, मला थांबवायचं असेल तर सरळ सांग की. भुताला कशाला मध्ये आणतेस?”

“मी कशाला थांबवू? पाचची गाडी आहे ना? जा.”

“जातोच आहे.”

“पण आधी बस. तुझ्याकडे माझा एक जवाब बाकी आहे.”

तिने फुलं उचलून खिडकीत ठेवली, झाकण उघडलं, मधल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. तिने तोच जुना सवाल वाजवला. त्यात काय विचारलं होतं ते तिलाही माहीत होतं, त्यालाही. तोंडाने ती ते कधीच विचारणार नव्हती, आणि आज तो गेला की परत येणार नव्हता.

पलीकडे खुर्ची सरकली. पावलं... दाराकडे जाणारी. रस्त्याकडची कडी वाजली.

आणि जवाब आला. हळू, लाजत, मग एकदम मोकळा. या शहरात मूठमातीहून परतताना बँड चाल बदलतो आणि माणसं रडता रडता नाचू लागतात, तसा.

तिने दार उघडलं. एव्हरिस्ट उंबऱ्यात होता, एक पाय बाहेर, हातात बॅग. हातमोजे अजून तसेच. पियानोपाशी कुणी नव्हतं.

“मी नव्हतो, क्लो,” तो पुटपुटला. “पण... मला म्हणायचं होतं ते हेच.”

“आणि निघाला होतास!”

“भ्यालो होतो. तेव्हाही, आत्ताही.”

“मेल्यावरही तुझा गृहपाठ बाईंनीच करायचा का रे?” तिने खुर्ची पुढे ओढली. “बस तिथे. आता तू वाजव.”

त्याने एकेक हातमोजा काढला. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा पूर्ण वाजवलं. या वेळी दार उघडंच होतं आणि ती त्याच्या खांद्याशी उभी होती. वाजवता वाजवता पाच झाले; गाडीची शिट्टी दोघांनी ऐकली. स्वयंपाकघरातून करपल्याचा वास येत होता.

पुढच्या सोमवारी दुपारी दोघं बाजारात घेवडा निवडत होती. परतल्यावर समोरच्या केशकर्तनालयातल्या नूमाकाकांनी त्यांना हटकलं.

“अरे, तीनपासून वाजवताय, चांगलं आहे. पण सवाल टाकून मधेच थांबता काय? जवाब कुणी द्यायचा?”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. घर बंद होतं. किल्ली क्लोथिल्डच्या मुठीत होती. एव्हरिस्टच्या कोटाच्या खिशात शिकागोचं तिकीट अजून होतं. त्याने ते फाडलेलं नव्हतं, आणि बाईंचा सवाल बहुधा तोच होता.