परत आलेला नारळ

"वन्सं, द्या ते ताट हिकडं! ओटी भरायचं काम सुवासिनीचं असतंय, तुमचं न्हाई!"

भावजयीचे हे शब्द कानी पडताच राजूबाईने हातातील ताट घट्ट धरले... त्या ताटात हिरवा खण होता, हळद-कुंकू होते आणि गावाकडे हळ्ळीखेडच्या बाजारात कानाशी हलवून, आतल्या पाण्याचा आवाज ऐकून तिने स्वतः निवडलेला नारळ होता. अंबिकेने ताट ओढून घेतले. राजूबाईने मोठ्या आशेने आपल्या धाकट्या भावाकडे, हरिओम मास्तरांकडे पाहिले; पण चार गावांत मान असलेला तो शिक्षक गोकर्णाच्या समुद्रकाठच्या वाळूत नजर रुतवून उभा राहिला!

"अक्का, तू बस की जरा. चपलांजवळ कुणीतरी पायजेच," तो पुटपुटला.

चपला! एवढ्या दूर येऊन तिच्या वाट्याला चपला आल्या!

सकाळपासून सारे कुटुंब आनंदात मग्न होते. महाबळेश्वर महादेवाचे दर्शन झाले, भाची नेत्राने मोठ्या काठाची टोपी घेतली, अंबिकेने घासाघीस करून शिंपल्यांचे तोरण घेतले आणि माडाच्या सावलीत सर्वांनी राजूबाईच्या हातची कडक भाकरी व शेंगाचटणी खाल्ली. राजूबाईने मात्र पाण्याचा थेंबही घेतला नव्हता. समुद्राची ओटी भरल्यावाचून अन्न घ्यायचे नाही, असा तिचा निश्चय होता!

एकतीस वर्षांपूर्वी तिचे पती गिरिधर याच किनाऱ्यावरच्या एका बंदरात मासेमारीच्या लाँचवर कामाला आले होते. वादळात लाँच गेली ती गेलीच, आणि देहही सापडला नाही. सात वर्षे त्या साध्वीने कपाळीचे कुंकू जिवापाड जपले. मग हरिओमची सोयरीक जुळली, आणि मुलीकडच्या वडीलधाऱ्यांनी निरोप धाडला, की ज्या घरातली बाई सवाष्ण आहे की विधवा हेच कळत नाही, त्या घरात आम्ही मुलगी देणार नाही. हरिओम तीन दिवस जेवला नाही. चौथ्या दिवशी राजूबाई स्वतःच म्हणाली, "पुतळा करा." दर्भाचा पुतळा करून, त्याला गिरिधरांचे नाव देऊन, ओढ्याकाठी अग्नी दिला गेला, आणि तिने आपल्याच हाताने आपले कुंकू पुसले... महिन्याभरात दारी मांडव पडला!

तेव्हापासून एकच शल्य तिचे काळीज पोखरीत होते. ते कुठे जिवंत असतील तर? जित्या नवऱ्याला आपण अग्नी दिला असेल तर? त्यांची क्षमा मागायला ती आली होती... आणि ती मात्र चपला राखीत बसली होती!

तिकडे अंबिकेने ओटी भरली. लाटेने खण ओढून नेला; पण नारळ गरगरत मागे आला आणि वाळूवरून घरंगळत थेट चपलांपाशी येऊन थांबला.

"आई, तुझा नारळ समुद्राला पसंत न्हाई बघ!" नेत्रा खिदळली.

अंबिकेचा चेहरा पांढरा पडला. "कसा घेईल तो? विधवेनं आधीच हात लावलाय की त्याला!"

"गप बस, अंबिका!" हरिओमच्या तोंडून आरोळीच फुटली. "तिचं कुंकू समुद्रानं न्हाई पुसलं, मी पुसायला लावलं! तुझ्या माणसांनी अट घातली म्हणून! माझं लगीन व्हावं म्हणून अक्कानं नवऱ्याचा पुतळा जाळला!"

अंबिका नणंदेकडे वळली.

"वन्सं, मला कामून सांगितलं न्हाई? चोवीस वर्षं मी तुमाला प्रत्येक कार्यात मागं बसवायले की हो..."

"नव्या नवरीला काय सांगू माय? तुझ्या अंगाची हळद सुकली नव्हती."

"आन् नंतर?"

"नंतर तू इचारलंच न्हाईस."

अंबिकेने नारळ उचलला, पदराने पुसला आणि दोन्ही हातांनी नणंदेपुढे धरला.

राजूबाई गुडघाभर पाण्यात शिरली. "धनी... मी घाई केली. भावापायी केली. पदरात घ्या!" असे म्हणून तिने नारळ सोडला. तो डुलत, बुडत दूर गेला. आणि मग एका मोठ्या लाटेसरशी तो पुन्हा येऊन तिच्या पायांना लागला!

"अक्का, मला माफ कर गं!" हरिओम हुंदके देऊ लागला.

"तुला तर कवाच केलं रे. ह्यांनी मला न्हाई केलं अजून."

तिने नारळ पोटाशी धरला. क्षणभर समुद्राकडे पाहिले, आणि अश्रूंनी चिंब झालेल्या तिच्या मुखावर अकस्मात विलक्षण हसू उमटले.

"राग हाय व्हय अजून? राग हाय, म्हंजे माणूस जिता हाय!"

अंबिकेने ताटातले कुंकू बोटावर घेतले. राजूबाईने एकदाच तिच्या डोळ्यांत पाहिले आणि कपाळ पुढे केले.

हरिओम मास्तर मात्र पाठ फिरवून, वाकून, सगळ्यांच्या चपला गोळा करू लागला... त्या कपाळाकडे पाहण्याचे धैर्य त्याला झाले नाही!