बिनभिंतीची चौकट

“तुमचे पाय जरा दाखवता का?”

हा प्रश्न मी एका परक्या मुलाला, ऐन दिवेलागणीला, भोरच्या आमच्या घराच्या नव्या दारात उभं राहून विचारला. विचारला म्हणजे… विचारावाच लागला. माझ्या मैत्रिणी, मलिका आणि रतन, चुन्याच्या ढिगाआड दबा धरून बसल्या होत्या. पैज अशी होती — विचारलंस तर तू खरी मुकादमीण, नाहीतर उद्यापासून साऱ्या वर्गात भित्री भागूबाई.

पैजेला कारणही तसंच होतं. तो मुलगा गेले काही दिवस त्याच वेळी यायचा आणि आमच्या नव्या चौकटीसमोर उभा राहायचा. बोलायचा नाही, हलायचा नाही. तो गेला की बाहेरच्या पायरीवर ओली पावलं उमटलेली असायची. चैत्राचे दिवस, आडाचं पाणी तळाला गेलेलं, गल्लीभर पांढरी धूळ — आणि याचे पाय ओले! मलिका म्हणाली, हा बुडालेला असणार. रतन म्हणाली, मग पावलं उलटी असतील, बघितलं की कळेल. पण उंबरा उंच. त्याच्या आड पायच दिसत नव्हते.

त्यानं मान वर करून माझ्याकडं पाहिलं. डोळे काळेभोर आणि उदास, पण ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं.

“कुठला आधी दाखवू? डावा का उजवा?”

“दोन्ही. एकदम.”

“दोन्ही एकदम उचलायला मी काय भूत हाय व्हय?”

ढिगाआड मलिका फिस्सकन हसली आणि दोघी पळाल्या त्या थेट कोपऱ्यापर्यंत. मी मात्र तिथंच. त्यानं एक पाय उचलून उंबऱ्याच्या कडेवर ठेवला. सरळ होता. गुडघ्यापर्यंत ओला.

आता चौकटीचं सांगते. आमचं घर लहान. त्याला पुढच्या अंगानं एक खोली आणि पडवी वाढवायचं बाबांनी काढलं होतं, कारण वैशाखात शिवऱ्याची माणसं मला बघायला येणार होती, आणि आईचं म्हणणं, माणसं मुलीच्या आधी दार बघतात. काम सुरू झालं आणि बाबा जुन्या भिंतीला बांधलेल्या परांचीवरून पडले. पाय फळ्यांत बांधून आतल्या खाटेवर आडवे. मग सगळा कारभार आला माझ्याकडं! शाळा सुटली की दप्तर टाकायचं आणि सुटायचं — नीरेची वाळू आली का, चुना नीट भिजला का, विटांची गाढवं कुठं अडली. इस्माईल मिस्त्री, म्हणजे मलिकाचे अब्बा, आमचे गवंडी. ते मला ‘मुकादमीणबाई’ म्हणायचे आणि मी ते नाव नव्या लुगड्यासारखं मिरवायची.

चौकट बाबांनी एका लाकूडवाल्याकडून घेतली होती. जुनी, सागवानी, वर कमळ कोरलेलं. कुठली म्हणून विचारलं तर वरच्या खोऱ्यातली, एवढंच तो म्हणाला. आमच्याकडं आधी चौकट उभी करतात, बांबूचे टेके देऊन, आणि मग दोन्ही बाजूंनी भिंत वर येते. तशी ती उभी होती. भिंत नाही, छप्पर नाही, नुसतं दार आणि पलीकडं आभाळ. तरी गंमत बघा, बाजूनं कुणीच जायचं नाही. पाणी घालणाऱ्या बाया, गवंडी, आमची मांजरसुद्धा — सगळी त्या चौकटीतूनच ये-जा करायची.

आणि ते लाकूड… दिवसभर उन्हात तापायचं, पण संध्याकाळी हात लावावा तर गार, ओलसर. नदीतल्या गाळासारखा वास. डाव्या बाजूला, माझ्या खांद्याएवढ्या उंचीवर, एक जागा झिजून गुळगुळीत झाली होती. मी तिथं तळवा टेकला तर बरोबर बसला. कुणीतरी वर्षानुवर्षं तिथं हात ठेवून उभं राहिलं होतं. मिस्त्री भिंतीची सरळ रेघ बघायला दोरीला वजन बांधलेला ओळंबा धरतात ना, तो चौकटीपाशी थांबायचाच नाही. वारा नसायचा, पान हलायचं नाही, आणि ओळंबा आपला हळू हळू झुलायचा. मिस्त्री तोंडातल्या तोंडात बिस्मिल्ला म्हणायचे, आई येऊन लिंबू बांधून जायची, आणि दिवे लागायच्या आत सगळी माणसं हत्यारं गुंडाळून घरी.

मागं राहायची मी. आणि तो.

नीरेपलीकडं मामाकडं राहून तो इंग्रजी शाळेत शिकत होता. पुलावरून वाट लांब पडते म्हणून पाण्यातून यायचा. कशाला, म्हणून विचारलं तर म्हणाला, “दार बघाया.”

“दारात बघण्यासारखं काय आहे?”

“हाय की,” तो म्हणाला. दाराकडं न बघता.

त्यानंतर तो रोज आला. मी रोज काहीतरी काम काढून तिथं थांबले. विटा पुन्हा रचल्या, पुन्हा मोडल्या. तो चिडवायचा, की आज भिंत वाढली न्हाई, मजूर झोपले का मुकादम? मी म्हणायची, फुकट बघणाऱ्यांनी बोलू नये. एकदा त्यानं बाहेरून चौकटीला हात लावला आणि नेमका त्याच वेळी मी आतून. मध्ये वीतभर लाकूड. ते तेव्हा गार लागलं नाही.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली होती. भिंत नसतानाही तो कधी आत आला नाही. उंबऱ्याबाहेरच.

आमच्या आईचा एक नियम आहे. दिवेलागणीला दारातून कुणाला आत बोलवायचं असेल तर नाव घेऊन बोलवावं. नुसतं ‘या’ म्हणू नये. कोण ऐकत असेल, सांगता येत नाही. मला हा नियम पाठ होता. त्याचं नावही ठाऊक होतं — सोनबा. मनातल्या मनात मी ते कितीदा म्हटलं असेल! पण त्याच्यासमोर ते ओठांवर येऊन अडायचं. आई बाबांचं नाव घेत नाही ना, तसंच काहीतरी… आणि असं मनात आलं की कानशिलं तापायची.

त्या संध्याकाळी मी म्हणाले, “या ना आत. किती दिवस असं बाहेर उभं राहायचं?”

नाव न घेता.

तो हसला. “अजून न्हाई,” म्हणाला आणि वळून नदीकडं चालू लागला. तो गल्लीच्या टोकाला दिसत होता. स्पष्ट दिसत होता. आणि तरी माझ्या खांद्याजवळून कुणीतरी आत गेलं. ओलं धोतर पायाला चिकटतं ना, तसा बारीक आवाज झाला. गारवा गालाला लागून गेला. मी वळले, तर खोलीत कुणीच नाही. चौकटीच्या खुंटीला टांगलेला ओळंबा तेवढा होता.

ओळंबा थांबला होता. पहिल्यांदाच, अगदी सरळ.

सकाळी नव्या खोलीच्या चोपलेल्या जमिनीवर पावलं होती. उंबऱ्यापासून खोलीच्या मध्यापर्यंत. आत जाणारी. बाहेर येणारं एकही नाही. पाऊल मोठं होतं, आणि डाव्या पायाला करंगळी नव्हती. ऊन वर आलं, चटके बसायला लागले, बाहेरची माती भाजून निघाली, पण ती पावलं वाळेनात. मिस्त्रींनी पाहिली आणि वळसा घालून गेले. मग माझ्याकडं न बघता म्हणाले की उद्याच भिंत चौकटीला भिडवून टाकू, एकदा चुन्यात बसली की चौकट हलायची नाही, घरही शांत होईल. आईनंही मान हलवली. शिवऱ्याची माणसं चार दिवसांवर आली होती.

मला मात्र एकच भीती — ती पावलं त्याची असली तर? माझ्या मागं माझ्या घरात शिरणारा, आणि तोंडावर ‘अजून न्हाई’ म्हणणारा?

संध्याकाळी तो आला तेव्हा मी कंदील घेऊनच उभी होते.

“पाय दाखवा.”

“पुन्यांदा? एवढं आवडलं व्हय?”

मी हसले नाही. त्यानं मग गुपचूप डावा पाय उंबऱ्यावर ठेवला. पाचही बोटं जागच्या जागी. माझा जीव भांड्यात पडला, आणि लगेच दुसऱ्या भीतीनं पुन्हा वर आला. मी बाजूला झाले. कंदिलाचा उजेड जमिनीवर पडला. त्यानं ती पावलं पाहिली आणि उभ्याचा खाली बसला, पायरीवर.

“करंगळी न्हाई,” तो म्हणाला. “आई सांगती… नांगराच्या फाळानं तुटली व्हती.”

मग त्यानं सगळं सांगितलं, थांबत थांबत. त्याचे बाबा, कोंडिबा, जर्मन लढाईत खेचरांच्या पलटणीतून समुद्रापार बसऱ्याला गेले तेव्हा हा पाळण्यात होता. ते आले नाहीत. मेल्याची खबरही आली नाही. आई, ठकुबाई, दर संध्याकाळी चौकटीला हात टेकून उभी राहायची. पुढं धरणाचं पाणी चढलं, वेळवंडीकाठचं त्यांचं गाव उठलं. लोकांनी दारं-खिडक्या काढून वर नेल्या. हिनं चौकट काढू दिली नाही. माणूस परत आला तर त्यानं कुठलं दार ओळखायचं? घर पाण्याखाली गेलं, चौकटीसकट. गेल्या उन्हाळ्यात पाणी उतरलं आणि कुणीतरी ती उपटून विकली. आई आता वर डोंगराच्या अंगाला राहते. नव्या घराला दार नाही, गोणपाट लावलंय. ती त्याच्याआडून पाण्याकडं बघत बसते.

“नाव घेऊन हाक मारत नाहीत त्या?” मी विचारलं.

“नवऱ्याचं नाव कशी घेईल? नुसतं ‘या’ म्हणती.”

मीही तेच म्हणाले होते. त्याच चौकटीतून, त्याच वेळेला.

तेवढ्यात नव्या खोलीत कुणीतरी खोकलं. मोठ्यानं नाही. लांबून चालत आलेला माणूस, घरात कुणी आहे का म्हणून दारात खोकतो ना, तसं.

आम्ही दोघांनीही ऐकलं.

“तुम्ही पहिल्याच दिवशी का नाही सांगितलं?” मी कुजबुजले. “बाबांनी दिली असती.”

“तुमी पैसं मोजून घेतलीय. कुठल्या तोंडानं मागू? आन्…” तो मातीत बोटानं रेघ ओढत राहिला. “चौकट नेली असती, तर दुसऱ्या दिवशी यायला कारण काय उरलं असतं? आधी दारासाठीच येत व्हतो. आता दार नसलं तरी आलो असतो, फुला.”

माझं नाव. त्याला किती सोपं गेलं!

मला हसू आलं, रडूही आलं, आणि मागच्या अंधाराची भीती तर होतीच. तिन्ही एकदम. तो म्हणाला, राहू दे फुला, उद्या भिंत होऊन जाऊ दे, तुला बघायला माणसं येणार आहेत, दाराशिवाय घर बघून माघारी जातील. मी ऐकून घेतलं. मग त्याला म्हटलं, जरा थांबा, आणि कंदील घेऊन एकटीच नव्या खोलीत गेले. त्या पावलांच्या अगदी पुढ्यात उभी राहिले आणि बोलले. काय बोलले ते कळेलच. तिथून मागच्या दारानं तशीच आतल्या खोलीत शिरले.

बाबा खाटेवर पाय लांब करून पडले होते. आई तांदूळ निवडत होती.

“काय मुकादमीणबाई,” बाबा म्हणाले, “आज काय काम झालं?”

“आजचं राहू द्या. उद्याचं सांगते,” मी म्हणाले. “उद्या भिंत चढणार नाही. टेके काढायचे, चौकट उतरवायची, बैलगाडीत घालायची आणि वेळवंडीच्या वर ठकुबाईंच्या घराला नेऊन बसवायची. मिस्त्रींना मी सांगते. आपल्या दाराला तोवर गोणपाट.”

आईच्या हातातलं सूप थांबलं. शिवऱ्याच्या माणसांचं काय, असं तिनं विचारलं. ते विचारतानासुद्धा तिची नजर नव्या खोलीकडं होती. खोकला तिनंही ऐकला असावा.

“त्यांना निरोप धाडा, की येऊ नका. मी सातवीची परीक्षा देणार, मग पुण्याला मास्तरणीचं शिकायला जाणार. ते झाल्यावर माझं कुठं करायचं ते मी ठरवलंय. तो थांबेल. त्याच्या घरात थांबायची सवय आहे.”

बाबा कोपरावर उठून बसले. रागावले होते की काय, कळेना. त्यांनी हात लांबवून चिमणीची वात मोठी केली आणि माझ्याकडं पाहिलं.

“कोण तो?” आईनं विचारलं. “दिवेलागणीची वेळ आहे, फुले. नाव घेऊन बोल.”

मी नाव घेतलं. मोठ्यानं. पहिल्यांदा.

“सोनबा. सोनबा कोंडिबा साळेकर. बाहेर पायरीवर बसलाय. आणि त्याच्या बाबांना मी आत्ताच नाव घेऊन सांगून आले — कोंडिबाकाका, आजची रात्र हितंच टेका, उद्या तुमच्या दाराबरोबर तुम्हाला घरी पोचवते.”