खांब डुलला नाही पाहिजे

एसटीत चैत्रालीला कधी मळमळलं नव्हतं. जत्रेतल्या आकाशपाळण्यात तर ती खाली उतरायलाच तयार नसायची. पण डोळ्यांवर हेडसेट चढवून मान वळवली, की तिच्या पोटात ढवळायला लागायचं. असं का व्हावं, हे काही तिला कळेना.

जळगावचा उन्हाळा आता इतका कडक झाला होता, की दिवसा मैदानावर जायला बंदीच होती. त्यामुळे उन्हाळी खो-खो ज्याच्या त्याच्या घरातून खेळला जाई. हेडसेट (डोक्याला बांधायचा, डोळ्यांसमोर पडदा असलेला चष्मा) लावायचा आणि जागच्या जागी पाय आपटायचे, की समोरच्या मैदानावर आपण धावू लागतो. संघाचा कप्तान ओजस याने आपला हेडसेट चैत्रालीला सरावाला दिला होता. पहिल्याच हुलकावणीला ती ओकली.

"तुझं डोकंच नाजूक आहे," ओजस म्हणाला. "उद्या निवड आहे. तू राखीव राहा. आणि तो पट्टा धुऊन दे."

चैत्राली तशीच नानांकडे गेली. नाना म्हणजे तिच्या आईचे वडील. रॉकेटची दिशा सांभाळणारी उपकरणं बनवण्यात त्यांचा जन्म गेला होता.

"नाना, माझ्या डोक्यात बिघाड आहे का?"

"असेल. गणिताच्या पेपरात दिसतो मधूनमधून." तिचे डोळे भरलेले पाहून नानांनी थट्टा आवरली. पेल्यात पाणी घेऊन त्यांनी त्यावर तुळशीचं पान सोडलं. "आता पेला गर्रकन फिरव. काय झालं?"

"पेला फिरला. पान तिथंच राहिलं."

"कानाच्या आत अशाच तीन वळणदार नळ्या असतात, द्रवानं भरलेल्या. मान फिरली की नळी फिरते, द्रव मागे रेंगाळतो. त्यावरून मेंदूला कळतं, डोकं कुठे वळलं. हेडसेटमध्ये हेच काम जायरोस्कोप (फिरणं मोजणारं उपकरण) करतो. तू मान डावीकडे वळवलीस, की त्यानं पडद्यावरचं मैदान उजवीकडे सरकवायचं. तेही पापणी लवायच्या आत. समज, त्याला उशीर झाला तर?"

चैत्रालीने विचार केला. "कान म्हणणार, वळलो. डोळे म्हणणार, कुठे वळलो?"

"बरोबर. या उशिराला विलंब म्हणतात. कान आणि डोळे भांडायला लागले, की मेंदूला वाटतं, पोटात काहीतरी विषारी गेलंय. निदान काही शास्त्रज्ञांचा तसा अंदाज आहे. मग तो पोट रिकामं करून टाकतो."

"म्हणजे उशीर त्याला, आणि शिक्षा मला?"

"तुझे कान चोख आहेत, बाळ. चल, चोख हेडसेट शोधू."

मुर्तुझाभाई जुने हेडसेट दुरुस्त करून विकत. गिऱ्हाइकाला ते कूलरसमोरच्या खुर्चीत बसवत आणि धबधब्याचं चित्र लावत. परवडतील असे तीन हेडसेट त्यांनी काढले. "बैस बेटा. हलू नकोस, नुसतं बघ."

"हिला उभं राहून, खो-खोचं मैदान लावून बघू द्या," नाना म्हणाले.

"नानासाहेब, सगळं गाव खुर्चीत बसूनच घेऊन जातं."

"आणि घरी जाऊन ओकतं."

मुर्तुझाभाई हसले आणि त्यांनी खुर्ची बाजूला सारली.

पहिल्या हेडसेटचं चित्र लखलखीत होतं. मैदानावरची मातीसुद्धा कणाकणानं दिसत होती. "खांबाकडे बघत 'नाही, नाही' अशी मान हलव," नानांनी सांगितलं.

"खांब खरवसासारखा डुलतोय, नाना."

"हाच तो विलंब. काढ."

दुसऱ्यातला खांब डुलला नाही. पण खांबाच्या मागे डोकावायला चैत्राली बाजूला झुकली, तर खांबही नाकाला बांधल्यासारखा तिच्याबरोबर सरकला.

"याला मान फिरलेली कळते, पण तू जागेवरून सरकलीस हे कळत नाही," नाना म्हणाले. "ते कळायला भोवतालची खोली बघणारे छोटे कॅमेरे लागतात. बसून विमान उडवायला हा पुरेल. पण हुलकावणीत तू झुकतेस ना?"

तिसरा हेडसेट करड्या रंगाचा होता. त्याच्या कपाळावर दोन बारके कॅमेरे होते. चित्र मात्र मच्छरदाणीतून बघावं तसं जाळीदार. चैत्रालीने मान हलवली, झुकली, खाली बसली, उठली. खांब रोवल्यासारखा उभा होता. न हलवताही मैदान आपोआप सरकतं का, हे बघायला नानांनी तो चहा होईपर्यंत टेबलावर तसाच चालू ठेवला. नंतर पाहिलं, तर मैदान तसूभरही भरकटलं नव्हतं.

चैत्रालीची नजर पुन्हा पहिल्याकडे गेली. किती सुंदर दिसत होतं ते मैदान.

"कोणता घेऊ?"

"खेळणार तू. ठरवायचं तू," नाना म्हणाले.

तिने लखलखीत हेडसेट हातात घेतला, जरा वेळ धरला आणि खाली ठेवला. "मच्छरदाणीवाला द्या."

निवडीत तिची पळती आली. पाठलागावर खुद्द ओजस होता. त्याने झेप घेतली तेव्हा ती खांबापाशी कंबरेतून झुकली आणि पलीकडून निसटली. दोनदा. पोटात काही ढवळलं नाही. संघाची नावं लागली, तेव्हा तिचं नाव राखीव खेळाडूंत नव्हतं.

संध्याकाळी ओजस घरी आला. बराच वेळ चपला काढत उभा राहिला.

"तुला खरंच मळमळलं नाही?"

"नाही, दादा."

"मला रोज होतं," तो हळूच म्हणाला. "आवळासुपारी चघळत खेळतो. कप्तानानं सांगायचं कसं?"

चैत्राली हसू शकली असती. तिने आपला हेडसेट त्याच्या डोक्यावर चढवला आणि पट्टा सैल करून दिला.

"ही जाळीसुद्धा जाईल एक दिवस," नाना झोपाळ्यावरून म्हणाले. "स्वच्छ चित्र, चपळ जायरोस्कोप, आणि खेड्यापाड्यातल्या पोरांना परवडणारा. असा हेडसेट कुणीतरी बनवायचा राहिलाय."

"मी बनवेन," चैत्राली म्हणाली. "आधी ते कॅमेरे खोली कशी ओळखतात, ते सांगा."

ओजसचं तिकडे लक्षच नव्हतं. खोलीच्या मधोमध उभा राहून तो डावीकडे बघत होता, उजवीकडे बघत होता, पुन्हा डावीकडे, आणि मैदान जागच्या जागी राहिलेलं पाहून एकटाच हसत होता.