उठून बसलेले उंदीर

"म्याडम, लवकर या! मरायला टेकल्यालं उंदीर उठून बसल्यात!"

फोन छबूबाईचा होता. राहात्याच्या पेरूबागांमागच्या प्रयोगशाळेत ती उंदरांचं दाणापाणी बघायची. तिथली जनावरांची डॉक्टर ग्रेस धावतच पोचली. दिवेलागण झाली होती. डाव्या रांगेतले उंदीर अंग आकसून पडलेले, दोन मेलेले. उजवीकडचे मात्र जाळीला लोंबकळत होते आणि त्यांचं खाणंही फस्त झालं होतं.

सकाळीच सगळ्यांच्या मानेच्या धमनीतून बारीक तार सारून मेंदूखालची रक्तवाहिनी टोचल्याची नोंद होती. असा रक्तस्राव झालेला उंदीर त्या दिवशी खाण्याकडे ढुंकूनही बघत नाही. उजव्या रांगेला नवं औषध मिळालं असणार, हे उघड होतं. पुढच्या महिन्यात तेच माणसांना द्यायचं होतं.

"ह्ये औषीद न्हाई, भुताटकी हाय," छबूबाई कुजबुजली. शिकल्यासवरल्या ग्रेसच्याही अंगावर काटा आला.

तिने सहायक करणला गाठलं.

"औषध तू देतोस?"

"व्हय. पण बाटल्यांवर नुसते आकडे. औषध कशात, पाणी कशात, सरांनाच ठाऊक."

"कुठला उंदीर कुठल्या रांगेत, त्याच्या चिठ्ठ्या कोण काढतं?"

"चिठ्ठ्या कुठल्या! शस्त्रक्रिया आटोपली की सर सांगतात, ह्याला डावीकडं, ह्याला उजवीकडं."

"तेव्हा आत कोण असतं?"

"कुणी न्हाई. सर दार लावून घेतात."

ग्रेसने उजवीकडचा एक उंदीर भूल देऊन कायमचा निजवला, कवटी उघडून पाहिली आणि प्रमुखांच्या खोलीत गेली. डॉ. गिदोन अंधारात बसले होते. त्यांची बायको प्रार्थना अशाच रक्तस्रावाने गेली होती.

"सर, मेंदू खोबऱ्यासारखा पांढरा आहे. औषध जनावराला तारेल, पण सांडलेलं रक्त एका दिवसात पुसणार नाही. म्हणजे वाहिनी टोचलीच नव्हती. करणकडे उंदीर येतो तो नंतर. टोचणारे तुम्ही, रांग ठरवणारेही तुम्हीच."

"तार वर सरकली की प्रार्थनाचा चेहरा दिसायचा," गिदोन म्हणाले. "कधी कधी हात पुढे जायचाच नाही. ते उंदीर मी उजवीकडे ठेवले. औषध असतं तर ती वाचली असती, एवढंच मला बघायचं होतं."

"आणि उद्या कुणी नवरा याच भरवशावर बायकोला आपल्या हवाली करेल. त्याला काय सांगायचं?"

गिदोन यांनी दिवा लावला. मग त्यांनी फोन उचलला.

"माणसांवरची चाचणी थांबवा. औषधाने कुणी वाचलेलं नाही. मी खोटं दाखवलं."

बायकोच्या मातीलाही न रडलेला तो माणूस टेबलावर डोकं टेकून हमसून हमसून रडला.

"गेली," तो म्हणत होता, "खरंच गेली ती."