कोऱ्या नंबराचा ताबा

काम तसं साधंच होतं. टेकडीवरच्या खोलीत एक रेडिओ होता, त्याच्या शेजारी दुसरा बसवायचा. पहिला बंद पडला तर दुसऱ्यानं तिथल्या तिथे ताबा घ्यायचा. ही बदली करणारं स्विच दोघांच्या मधे जोडायचं. मी आधी अकरा ठिकाणी हेच काम केलं होतं. शाळा आठवीत सुटली, पण तारांचं मला बरं कळतं.

हा रेडिओ म्हणजे गाणी ऐकायचा नव्हे. दरीतल्या छोट्या दवाखान्यातून एक तार टेकडीवर येते आणि तिथून सगळं बोलणं आणि चित्र छपरावरच्या तबकडीवरून हवेतून शहरात जातं. दवाखान्यात मोठे डॉक्टर नाहीत. अडलेलं बाळंतपण आलं की शहरातल्या डॉक्टरीणबाई पडद्यावर दिसतात आणि इथल्या नर्सला एकेक गोष्ट सांगतात. दरीतले फोनसुद्धा याच रेडिओवरून जातात, दुसरी वाट नाही.

शहरातल्या टोकाला, आमचा सिग्नल पोचतो का ते बघायला, भोंगेकाका होते. हे नाव आवाजामुळे पडलेलं. फोन हातभर लांब धरला तरी ते ऐकू येतात.

"काय रे, जोडलंस का? की स्विचलापण लाजतोयस?"

"जोडलं, काका."

"मग कर बदली. बघू दे तुझा हात."

मी पहिला रेडिओ बंद केला. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच दुसऱ्याचा हिरवा दिवा लागला.

"आला! दुसऱ्याचा नंबर दिसला," काका ओरडले. प्रत्येक रेडिओ आपला नंबर पाठवत राहतो, त्यावरून पलीकडे कळतं की कोण बोलतंय. मग मी पुन्हा पहिल्याकडे ताबा दिला, स्विचवरचा खटका दाबला आणि दुसऱ्याच्या तारा आवळायला घेतल्या.

तारांना हात लावताना चुकून बदली होऊ नये म्हणून हा खटका असतो. तो दाबला की स्विच पहिल्यालाच धरून बसतं. पहिला जळून खाक झाला तरी दुसऱ्याला उठू देत नाही. काम संपलं की खटका उचलायचा. आमच्या धंद्यातला हा पहिला धडा, आणि जो तो इथेच चुकतो.

तारा आवळून झाल्या आणि दाजींचा फोन आला. त्यांचा श्वास लागला होता.

"ताईला दवाखान्यात आणलंय. बाळ आडवं आहे म्हणतात... शहरातल्या बाई पडद्यावर आल्यात. आता कशालाही हात लावू नकोस रे बाबा!"

मी चटका बसल्यासारखे हात मागे घेतले. पिशवी उचलली, दाराला कुलूप घातलं आणि दरीच्या वाटेला लागलो.

भर दुपार होती, पण धुकं इतकं दाट की आपलेच पाय दिसेनात. ओल्या दगडांचा वास येत होता. माझ्या बुटांचा आवाजही धुकं गिळून टाकत होतं. तिसऱ्या वळणावर ताईचा चेहरा डोळ्यांपुढे आला, आणि मी जागीच थांबलो.

खटका! मी खटका उचललाच नव्हता.

धावत वर आलो. दार उघडलं आणि जळक्या प्लॅस्टिकचा भपका नाकात शिरला. पहिल्या रेडिओचा दिवा विझलेला, वरचा पत्रा हात लावता येणार नाही इतका तापलेला. खटका मी ठेवला तसाच दाबलेला. दुसरा रेडिओ थंडगार, काळा.

म्हणजे सगळं तुटलं होतं. माझ्या चुकीनं. माझ्या ताईचं...

मी खटक्याकडे हात नेला आणि खिशातला फोन वाजला. दाजी. मी त्या नावाकडे बघतच राहिलो. दरीतून येणारा फोन या खोलीतूनच येतो, आणि खोलीत तर काहीच चालू नव्हतं.

"ऐकतोयस ना?" दाजी म्हणाले. "बाई सांगतायत तसं नर्स करतेय. बाळ वळतंय म्हणे. चित्र किती स्वच्छ दिसतंय रे! काम चोख केलंस हो."

"फोन ठेवू नका," एवढंच म्हणालो, आणि तो फोन तसाच चालू ठेवून कंपनीच्या फोनवरून काकांना गाठलं.

"काका, सिग्नल येतोय?"

"फक्कड! इतका साफ कधीच नव्हता."

"नंबर कुणाचा आहे?"

भोंगेकाका कुजबुजले. त्यांना कुजबुजता येतं हे मला त्या दिवशी कळलं.

"नंबराची जागा... कोरी आहे रे."

"काका, इथे दोन्ही बंद आहेत."

"...हात लावू नकोस. कशालाच."

मी उभाच राहिलो. बसणं बरं दिसेना. कुणी थोर माणूस कामात गढलेलं असताना आपण दाराशी अवघडून उभे राहतो ना, तसा. रेडिओंचे पंखे बंद होते. दोन रेडिओंच्या मधली हवा तापल्या तव्यावर थरथरते तशी थरथरत होती, पण हात पुढे केला तर गार लागली. धुकं दारापर्यंत आलं होतं, उंबऱ्याच्या आत मात्र येत नव्हतं. मला भीती वाटली, खोटं कशाला सांगू? पण पळावंसं एकदाही वाटलं नाही.

चाळीस मिनिटांनी दाजींच्या फोनमधून बाळाचं रडणं आलं.

मी खटका उचलला. दुसऱ्याचा दिवा लागला.

"दुसरा आला," काका म्हणाले. "मधे क्षणभरही तुटलं नाही."

ताई आणि भाची दोघी सुखरूप आहेत. माझी चूक मी वरिष्ठांना लिहून दिली. बाकीचं लिहिलं नाही. लिहिणार तरी काय?

राखीव रेडिओ बसवला की त्याची दर महिन्याला चाचणी घेतात. सगळं धडधाकट असताना एक सेकंद त्याच्याकडे ताबा द्यायचा, चालतोय हे बघायचं आणि परत घ्यायचा. आम्ही ती एक तारखेला घेतो. काकांच्या नोंदीत मात्र त्या दिवसापासून दर पंधरा तारखेलाही एक सेकंद नंबराची जागा कोरी दिसते. म्हणजे तो बिननंबराचा जो कुणी आहे, तोही स्वतःची चाचणी घेतो.

या महिन्यात पंधरा तारखेला जागा कोरी झाली. आज एकोणीस. आमच्या रेडिओचा नंबर अजून परतलेला नाही.

काल दवाखान्याची परवानगी काढून मी वर गेलो. जळालेल्याच्या जागी बसवलेला नवा धरून दोन्ही रेडिओ चालू होते, दोन्ही दिवे हिरवे. मी पहिला बंद केला. मग दुसरा.

"काका... चित्र?"

काका पुन्हा कुजबुजले.

"हललंसुद्धा नाही रे."