शेजारची सीट

"मागचे दिवे गेलेत तुमचे... दोन्ही!" सिग्नलला शेजारी थांबलेला मोटारसायकलवाला मला सांगत होता.

मी काही बोलायच्या आत शेजारच्या सीटवरून आत्या वाकली. "माझ्यामुळे जातात रे बाबा. मी बसले की ही गाडी डोळे मिटते. दुरुस्त करणारा कुणी आहे का ओळखीत?"

"मीच करतो," तो म्हणाला आणि उगाचच लाजला.

जुन्या गाड्यांचं वायरिंग करायचा तो. आत्या त्याला 'वायरमन' म्हणू लागली. आई-बाबांच्या माघारी मला तिनंच वाढवलं होतं. गाडीही तिचीच, माझ्याहून वयानं मोठी.

दोष मात्र सापडेना. नवा फ्यूज घालून गॅरेजमध्ये उभी केली की गाडी ठणठणीत. आत्याच्या औषधपाण्यासाठी आम्ही दोघी दवाखान्याच्या वाटेला लागलो, की फ्यूज उडालाच. पुन्हा त्याच्या दारात. तो टेस्ट लॅम्प घेऊन एकेक वायर तपासायचा, आणि आत्या बाकड्यावर बसून त्याला तपासायची.

"वायरमन, दोष सापडत नाही, की सापडायलाच नको आहे?"

"आत्या!"

"अगं, हा आधी तुझ्याकडे बघतो, मग फ्यूजकडे."

त्याच्या हातातली पक्कड खाली पडली. मी बाहेरच्या रस्त्याकडे बघत राहिले... हसू लपवायला.

थंडी सरता सरता आत्या गेली.

त्यानंतर मी एकटीच गाडी चालवत होते. दिवे एकदाही गेले नाहीत. तिची शाल अजून सीटवर होती. तिथे मी साधी पर्ससुद्धा ठेवली नव्हती. शेवटी गाडी विकायचं ठरवलं. गिऱ्हाईक बघायला येणार, त्याच्या आदल्या संध्याकाळी मी गॅरेजवर गेले.

"आता दिवे जात नाहीत," मी म्हणाले. "आपोआप बरे झाले."

"वायरिंग आपोआप बरं होत नाही." तो घुटमळला. "मधे काय बदललं?"

"काहीच नाही. फक्त... आत्या नाही."

त्यानं रिकाम्या सीटकडे पाहिलं.

"त्या सांगत होत्या. मी बसले की जातात म्हणून. आपण हसलो... आणि मी दर वेळी रिकामी गाडी तपासली." त्याचा आवाज खाली आला. "तिथे कुणीतरी बसून बघायला हवं. पण तुम्ही नको म्हणालात तर नाही बसणार. सीट खोलून बघेन."

मी शाल उचलली, घडी केली, मांडीवर घेतली.

"बसा."

त्यानं हात पुसले. परक्याच्या घरात बसावं तसा अंग चोरून बसला. मी दिवे लावले; मागच्या भिंतीवर त्यांचा लाल उजेड पडला आणि तसाच राहिला.

"आत्यांइतकं वजन नाही माझं," तो पुटपुटला आणि सीटवर जरा जोरानं दाबून बसला. भिंतीवरचा उजेड गेला.

मला हसू फुटलं. हसता हसता रडूच आलं. तो उठला नाही. नुसता शेजारी बसून राहिला.

सीटखाली एक तुटकी स्प्रिंग लोंबत होती. वजन पडलं की ती खालच्या वायरला टेकायची. घासून घासून तिनं वायरचं आवरण पार खाल्लं होतं. त्यानं स्प्रिंग बदलली, नवी वायर बाजूनं नेऊन घट्ट बांधली, नवा फ्यूज घातला.

"झालं," तो म्हणाला. "आता विकता येईल..." मग मान खाली घालून, "नका विकू. म्हणजे... गाडी तुमची आहे. पण आत्या म्हणाल्या होत्या ना, ते..."

"काय म्हणाली होती?"

"मी आधी कुठे बघतो ते." त्यानं वर पाहिलं. "खरं होतं."

मी किल्ली फिरवली.

"ट्रायल घ्यायला हवी ना? शेजारी कुणाला तरी बसवून."

तो बसला. या वेळी अंग न चोरता. मी शाल त्याच्याकडे दिली. "धरा नीट. तिची आहे." त्यानं ती दोन्ही हातांनी धरली.

रस्त्यावर आल्यावर मी आरशात पाहिलं. मागच्या दुकानाच्या काचेत आमचे दोन्ही लाल दिवे दिसत होते. तो शेजारी होता... आणि दिवे पेटलेले होते.