बिनचित्राची टेप

माझं काम जुन्या कार्टूनच्या टेपा साफ करण्याचं. हल्लीची कार्टूनं मी बघत नाही, त्यांत सगळे नुसते कोकलतात. जुन्यांत संगीतच बोलायचं. उंदीर चोरपावलांनी निघाला की व्हायोलिनच्या तारा बोटांनी हलकेच छेडायच्या, जाडा शिपाई आला की जाड आवाजाचं वाद्य. लहानपणी ताई आणि मी डोळे मिटून ऐकायचो आणि कोण पडलं ते ओळखायचो. ताई कधी चुकली नाही.

ताईचा डावा पाय अधू. गेल्या वर्षी पडली तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं, "पुन्हा पडलात तर उभ्या राहू शकणार नाही." तरी बाई रोज माझा डबा घेऊन तीन जिने चढायच्या. सांगून सांगून थकलो. पालथ्या घड्यावर पाणी!

त्या दुपारी एक टेप हाती आली. तिच्यावर नाव नव्हतं, सोबत चित्रफीत नव्हती. वादक पडद्यावरचं चित्र बघून वाजवायचे, त्यामुळे नुसत्या पावलांवरून भाग ओळखता येतो. मी हेडफोन लावला.

क्लॅरिनेट जिना चढत होतं. एक पायरी, थांबा. एक पायरी, थांबा. पाच झाल्या की लांब श्वास. काय सुरेख वाजवलंय, म्हणून मला हसू आलं. मग ते हसू गेलं. ही चाल मी रोज ऐकत होतो.

एका कानावरचा हेडफोन सरकवला. बाहेर जिन्यात ताईची चप्पल वाजत होती... तोच ठेका, टेपपेक्षा दोन पायऱ्या मागे.

तेवढ्यात दुसऱ्या कानात शिट्टी घसरत खाली गेली आणि झांज आदळली.

मी धावलो. वरून दुसऱ्या पायरीवर तिचा पाय सुटला आणि मी तिचा दंड धरला. डबा गडगडत तळाला गेला.

"तुला कसं कळलं रे?"

"आत चल. ऐकवतो."

दार लावलं, टेप मागे घेतली, स्पीकर सुरू केला. ताईने सवयीने डोळे मिटले.

झांजेनंतर जाडं वाद्य धावत आलं. "हा तू," ती म्हणाली. मग क्लॅरिनेट आणि ते, दोघं मिळून दोन पायऱ्या वर. "ही मी..."

तिने डोळे उघडले.

"आणि हे?"

तळातून तारा छेडल्याचा आवाज येत होता. हलका, सावकाश. तीन जिने, कुठेही न थांबता. दारापाशी तो क्षणभर थांबला. मग आणखी दोन पावलं... आणि टेप संपली.

आम्ही दोघांनीही मागे वळून बघितलं नाही.

पुढे ती टेप मी तीनदा शेवटपर्यंत ऐकली. खाली उतरण्याचं संगीत त्यात नाही.